वखारीच्या फाटकापर्यंत आलेला समुद्र

ही गोष्ट खरी आहे.

तुम्ही हसाल, हे ठाऊक आहे. जिच्या बाबतीत हे घडलं, ती पार्वताबाई स्वतःच आधी पोट धरून हसली होती. ती आमच्या आईकडच्या घराण्यातली. तिनं हे आपल्या लेकीला सांगितलं, लेकीनं आपल्या लेकीला. एकीनंही त्यात पदरचा शब्द घातला नाही.

भुताखेताच्या गोष्टी लोक रात्रीच्या सांगतात.

ही भर दुपारची आहे.

गाव अकोला. साल अठराशे चौसष्ट. भाऊबीजेचा दुसरा दिवस.

मोर्णेच्या काठापासून जवळच पार्वताबाईची कापसाची वखार होती. भोवती दगडी कुंपण, समोर मोठं फाटक, फाटकात माणसापुरतं छोटं दार, दिंडी. बाहेर एक गल्ली, गल्लीत एक लिंबाचं झाड, आणि पुढे नजर पोचेल तिथवर काळी माती. समुद्र म्हणाल, तर बैलगाडीनं दिवसच्या दिवस चालत राहावं तेव्हा कुठे.

त्या दुपारी समुद्र त्या फाटकापर्यंत आला होता…

त्या वर्षांत वऱ्हाडाचं डोकं फिरलेलं होतं. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा मुलखात लढाई लागली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला, आणि इथल्या बोंडाला सोन्याचा भाव आला. ज्यांच्या अंगावर कालपर्यंत धड बंडी नव्हती, ते बैलांची शिंगं चांदीनं मढवू लागले. गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवणारेही निघाले. पार्वताबाई ओट्यावर उभी राहून हे पाही आणि तोंड वाकडं करी. चांदीच्या धावेनं बैल काय जास्त पळते, असं मोठ्यानं विचारी. गाडीवाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

तिला कोणाचंच कौतुक नव्हतं. नव्या श्रीमंतांचं नाही, गोऱ्या साहेबांचं नाही. वऱ्हाडी बोलणं ऐकून गालात हसणाऱ्या पुण्याकडच्या कारकुनांचं तर मुळीच नाही.

आणि सगळ्यात कमी कौतुक होतं ते नवऱ्याचं.

नवरा खुशालराव मागच्या वर्षी कापसाच्या गाड्या घेऊन मुंबईला गेला, तो परतलाच नाही. परतला तो गाड्यांचा म्होरक्या अब्दुल रहीम. त्यानं अंगणात उभं राहून, मान खाली घालून सांगितलं, की खुशालराव हौसेनं मचव्यात बसले, वारा उठला, मचवा उलटला, आणि समुद्रानं माणूस परत दिला नाही.

पार्वताबाईच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही.

"अंग सापडलं काय?"

"नाही, बाई."

"मंग मेला नाही तो. मुंबईत मजा मारून राहिला. आन् हे बोलणं तुमाले त्यानंच शिकवून पाठवलं."

नवऱ्याला 'तो' म्हणणारी बाई अकोल्यानं तोवर पाहिली नव्हती.

भावकीनं समजावलं. दर्भाचा पुतळा करून दहन करावं, क्रियाकर्म उरकावं, असं भटजीही सांगून गेले. तिनं सगळ्यांना वाटेला लावलं. कपाळाचं कुंकू तसंच ठेवलं, हातातल्या बांगड्या तशाच ठेवल्या. सवाष्ण म्हणून मिरवायची तिला हौस नव्हती. जित्या माणसाला शिव्या देता येतात, म्हणून तिनं त्याला जिता ठेवला होता.

अब्दुल रहीमनं कधी वाद घातला नाही. तो तिच्या गाड्या हाकत राहिला. ती त्याला अधूनमधून खोटारडा म्हणत राहिली.

अशात वखारीच्या मागच्या खोल्यांत भाडेकरू आला. जातीचा फ्रेंच. मुंबईतल्या कुठल्याशा धन्यासाठी कापूस खरेदी करायचा. उंच, लालबुंद, भुवया पिवळ्या. नाव फोके.

वऱ्हाडात थापा मारणाऱ्याला फोकनाड्या म्हणतात. गावानं त्याचं नाव दोन दिवसांत पुरं केलं.

आणि तो बोलायचाही तसाच. मोडक्या हिंदुस्थानीत, हातवारे करत, रोज संध्याकाळी ओट्याच्या पायरीवर बसून. विषय एकच. त्याचं गाव. दिएप.

समुद्राकाठचं दिएप. तिथे म्हणे कडे आहेत, पांढरेशुभ्र, चुना फासलेल्या भिंतीसारखे, आणि त्या कड्यावर किल्ला आहे. खाली किनारा आहे, पण त्यावर वाळू नाही. सगळे गोटे. गोल, गुळगुळीत गोटे. लाट मागे जाते तेव्हा ते गोटे एकमेकांवर घासत समुद्राकडे घरंगळतात, आणि तो आवाज ऐकत गावाची पोरं झोपतात.

"गोट्यात पेरता काय तुमी?" पार्वताबाईनं विचारलं.

त्यानं सांगितलं, की आमच्याकडे पेरत नाहीत, मासे धरतात. पूर्वी आमचे खलाशी पार हबशांच्या मुलखापर्यंत जायचे. तिथून हत्तीचे दात आणायचे. त्या दातांतून जहाजं कोरणारे कारागीर अजून आमच्या गावात आहेत. एकदा इंग्रजांनी समुद्रातून तोफा डागून सगळं गाव जाळलं, राख केली, तरी आम्ही ते पुन्हा उभारलं.

"जळालं ते गाव पुन्हा त्याच जागी बांधलं? तोफेसमोर?" असं म्हणून तिनं कपाळाला हात लावला.

मग त्यानं हवा खायला येणाऱ्या बड्या लोकांचं वर्णन केलं. पॅरिसहून आगगाडी भरून लोक येतात. काचेचा आणि लोखंडाचा मोठा महाल आहे, त्यात गाणं-बजावणं आणि जुगार चालतो. बड्या घरच्या बाया समुद्रात आंघोळ करतात. त्यासाठी पगारी गडी असतात. गडी बाईला उचलून पाण्यात नेतो आणि लाट आली, की डोक्यासकट बुचकळून काढतो.

हे ऐकून पार्वताबाई जी हसली, ती पदर तोंडात कोंबून आत गेली. चार घरी जाऊन तिनं सांगितलं, की साहेबाच्या गावात बायका पैसे देऊन परक्या गड्याकडून बुचकळून घेतात, आणि याले ते लोक तब्येतीचा उपाय म्हनते.

एकदाच ती हसली नाही. आमच्या गावातल्या पुलापलीकडच्या कोळीवाड्याची बोली रांगडी आहे आणि पॅरिसवाले तिला हसतात, असं तो म्हणाला, तेव्हा. पण तेवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याला टोचायला तयार.

"इतकं गाव चांगलं, तं आमच्या धुरळ्यात काहून येऊन पडला, साहेब?"

हा प्रश्न ती नेहमी विचारायची. नेहमी तो उठून आत जायचा.

भाऊबीजेच्या संध्याकाळी मात्र तो गेला नाही.

त्या दिवशी वखार रिकामी होती. सरकी काढणाऱ्या बाया सणाला गेलेल्या. पार्वताबाईची लेक गंगू मामाकडे. अब्दुल रहीम गाड्या घेऊन खामगावला, उद्या येणार. फोकेसाहेब पायरीवर बसला. तोंड उतरलेलं. उद्या आमच्याकडे मेलेल्यांचा दिवस असतो, तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं ते असं.

त्या दिवशी दिएपच्या धक्क्याला एक नाव येते. समुद्रानं नेलेली माणसं तिच्यात उभी असतात. तीच माणसं, तेच कपडे. ती धक्क्यावरच्या लोकांना नावानं हाका मारतात. दोर मागतात. आई, बायको, भाऊ धावत येतात, दोर फेकतात आणि ओढतात… ओढत राहतात… नाव काही जवळ येत नाही. मग देवळाची घंटा होते. घंटा संपायच्या आत दोर सोडला तर ठीक. घंटा होऊन गेल्यावरही ज्याच्या हातात दोर असतो, तो नावेबरोबर जातो.

त्याचा धाकटा भाऊ एतियेन समुद्रात गेला होता. एका वर्षी त्यानं फोकेला हाक मारली. फोकेनं दोर फेकला नाही. पळाला. पुढे दुसऱ्या बंदरात नोकरी धरली, तिथे नाव आली. मुंबईत आला… मुंबईतही आली. म्हणून त्यानं धन्याच्या पाया पडून अशी जागा मागितली, जिथून समुद्राचा वाससुद्धा येणार नाही.

"बाई, कल फाटक मत खोलना," तो म्हणाला.

पार्वताबाईला त्याची कीव यायला हवी होती. तिला किळस आली. एवढा दांडगा गडी, आणि मेलेल्या भावाला भिऊन अर्धी पृथ्वी पळत सुटला. म्हणाली, आमच्या मोर्णेत या दिवसांत म्हैस बसली तर तिचं पोट भिजत नाही, तुमची नाव कशी चालेल? आणि आत जाऊन कडी लावून घेतली.

दुसरा दिवस उजाडला. नेहमीसारखाच.

दुपार झाली. ऊन टळटळीत. पार्वताबाई वखारीत कापसाचा ढीग पाहत उभी होती.

आधी तिच्या लक्षात आलं ते पारव्यांचं. वखारीच्या आढ्यावर दिवसभर घुमणारे पारवे…

गप्प होते.

नीट पाहिलं, तर एकही पारवा नव्हता.

मग आवाज आला.

खडीची गाडी रिकामी करावी तसा. खळ्ळळ्ळ… तेव्हा आगगाडीच्या रस्त्याचं काम चालू होतं, खडीच्या गाड्या फिरत असत. तिला वाटलं, कोणा गाढवानं आपल्या फाटकासमोर खडी ओतली. ती शिव्या द्यायला वळली.

आवाज थांबला. मग उलटा आला.

ओतलेली खडी कोणीतरी पुन्हा ओढून नेत होतं. सगळी. एकदम.

पुन्हा ओतली… पुन्हा ओढून नेली…

तिनं ढिगावर हात टेकला आणि झटकन काढला. कापूस ओला होता. वर छप्पर, बाहेर कडक ऊन, आणि कापूस ओला. बोट ओठाला लावलं.

खारट.

तेवढ्यात फोकेसाहेब मागच्या खोलीतून बाहेर आला. नेहमीचा लाल चेहरा पांढराफटक. पायांत एकच बूट. तो तिच्याकडे पाहतही नव्हता. गठाणी बांधायच्या दोराचं वेटोळं त्यानं खुंटीवरून उचललं आणि तो फाटकाकडे चालू लागला.

"साहेब, थांबा," ती म्हणाली. "काल तुमीच म्हनत होते, फाटक उघडू नका."

तो थांबला नाही. रडत होता. बाहेरून कोणीतरी त्याच्या भाषेत हाका मारत होतं. पोरसवदा आवाज होता. न चिडता, न थकता मारलेल्या हाका. फोकेनं दिंडीची कडी काढली.

दिंडी उघडली.

बाहेर गल्ली नव्हती.

लिंबाचं झाड नव्हतं. समोरच्या घराची भिंत नव्हती. डोळे दिपतील असा नुसता पांढरा उजेड होता. त्या उजेडात, बऱ्याच अंतरावर, काहीतरी काळं वर जात होतं आणि खाली येत होतं… वर जात होतं आणि खाली येत होतं…

फोकेनं दोर फेकला.

दोर खाली पडला नाही. ताणला गेला.

पार्वताबाईला अजूनही राग येत होता, असं ती सांगायची. भीती नव्हे, राग. माझ्या वखारीत, माझ्या दोरानं, हा कसला तमाशा? ती पुढे झाली, त्याच्या दंडाला धरून मागे खेचायला.

आणि तेव्हा तिला तो दुसरा आवाज ऐकू आला.

"गंगूची माय…"

ती जागच्या जागी थिजली.

तिला गावात कोणी पार्वताबाई म्हणत, कोणी मालकीण म्हणत. गंगूची माय म्हणणारं माणूस जगात एकच होतं. नवरा बायकोचं नाव घेत नसे, म्हणून लेकीच्या नावानं हाक.

"गंगूची माय, दोर धर वं. लई थंडी हाय अठी."

तिच्या हातांनी दोर धरला. तिनं धरला नाही, हातांनी धरला, असंच ती म्हणायची.

फोके पुढे, ती मागे. ज्या माणसाला तिनं गावभर फोकनाड्या म्हटलं, त्याच्याच मागे उभी राहून, तोच दोर धरून ती ओढत होती. दोर गार होता. ओला होता. पलीकडे केवढं तरी ओझं होतं, आणि ते तसूभरही हलत नव्हतं.

"तुमी मेले काय?" तिनं विचारलं.

फक्त गोट्यांचा आवाज. मग:

"वढ."

तिनं ओढलं. तळहाताची सालं निघाली तरी ओढलं. त्याला दिलेल्या सगळ्या शिव्या एकामागून एक तिला आठवत होत्या. तो मजा मारत नव्हता. तो कुठेच पळून गेला नव्हता. एवढे दिवस तो गारठ्यात उभा होता आणि ती ओट्यावरून त्याला शिव्या घालत होती.

घंटा होऊ लागली.

अकोल्यातल्या कोणत्याच देवळाची तशी घंटा नव्हती. जड, लांब, खालून आल्यासारखी.

फोकेनं दोर सोडला नाही. उलट कमरेला वेढा घेतला, एक, आणि पुन्हा एक. त्याच्या चेहऱ्यावर आता भीती नव्हती. ते पाहून पार्वताबाईला पहिल्यांदा भीती वाटली.

तरी तिचे हात सुटेनात.

"गंगूची माय."

आवाज हलका होता. नेहमी घरात बोलायचा तसा.

"सोड."

तिनं सोडला.

दोर सर्रकन पुढे गेला. फोके उताणा पडला आणि ओढला गेला, दिंडीकडे, उंबऱ्यावरून, त्या उजेडात. ओरडला नाही. त्याच्या टाचांच्या दोन रेघा धुळीत उमटत गेल्या.

आणि मग समोर गल्ली होती. लिंब होता. लिंबाखाली कोणाची तरी बकरी उभी राहून पाला खात होती.

अब्दुल रहीम गाड्या घेऊन आला, तेव्हा पार्वताबाई दिंडीत बसलेली होती. दोन्ही तळहात सोललेले. त्यानं फोकेसाहेबाबद्दल विचारलं. तिनं धुळीकडे बोट दाखवलं. रेघा उंबऱ्यापर्यंत होत्या. उंबऱ्याच्या पलीकडे गल्लीत एकही खूण नव्हती. दोरही नव्हता.

मग म्हणाली, "रहीमभाई, तुमी खरं सांगतलं होतं."

अब्दुल रहीम तिथेच गाडीच्या चाकाला टेकून खाली बसला आणि रडला. खुशालरावाचा तो लहानपणापासूनचा दोस्त होता. आजवर त्याला या घरात रडायची सोयच नव्हती.

संध्याकाळच्या आत तिनं स्वतःच्या हातानं बांगड्या फोडल्या. भावकीनं कारण विचारलं, तिनं दिलं नाही. मोर्णेच्या काठावर पुतळ्याचं दहन झालं, दिवस झाले, सगळं रीतसर झालं.

फोकेसाहेबाला लोकांनी विहिरींत शोधलं, नदीच्या डोहांत शोधलं. त्याच्या धन्याचा माणूस येऊन गेला, दोन-तीनदा तेच ते विचारून गेला. काही हाती लागलं नाही. कापसाचा तो ओला ढीग पुढे कितीही वाळवला तरी ओलसरच राहिला. खरेदीला आलेल्या व्यापाऱ्यानं मूठभर कापूस दाबून पाहिला आणि तोंडावर म्हटलं, की बाई, वजन वाढवायला पाणी मारलंत. पार्वताबाईनं त्याला दिंडी दाखवली. अशा माणसाला खरं सांगणंही तिला कमीपणाचं वाटलं. तो ढीग तिनं जाळायला काढला. नीट जळलाही नाही.

ती पुष्कळ जगली. भाव पडले, चांदीच्या धावा मोडीत गेल्या. ते पाहून तिनं पुन्हा तोंड वाकडं केलं. स्वभाव काही बदलला नाही. फक्त दिएपबद्दल कोणी थट्टा केली, तर ती उठून जाई.

शेवटच्या आजारपणात तिनं गंगूबाईला एक गोष्ट सांगितली, जी आधी कधी सांगितली नव्हती.

पहिल्या हाका समोरून आल्या होत्या. त्या उजेडातून, लांबून.

"सोड" हा शब्द…

मागून आला होता.

वखारीच्या आतून. तिच्या कानाजवळून. मानेवर गार श्वास लागावा इतक्या जवळून.

गंगूबाईनं विचारलं, "माय, मंग तू मांगं वळून पाह्यलं नाही?"

"नाही."

"काहून?"

म्हातारी आढ्याकडे पाहत म्हणाली,

"पाह्यलं असतं, तं मले त्याहिले 'जा' म्हनावं लागलं असतं."

ती 'जा' म्हणाली नव्हती. घंटेनंतर नाव निघून गेली. पण त्या नावेतून एक जण उतरला होता, एवढं नक्की.

तो परत कधी गेला, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नाही… गेला की नाही, हेही.